बिंदूची जागा

भाकर गोल असते असं कोणी म्हटलं, की मी अजूनही आधी मागे वळून बघते. न जाणो, गुरुजी उभे असायचे. "गोल? चेंडू गोल. तुहं डोस्कं गोल. भाकरीची कड म्हणजे वर्तुळ, अन् आतली भाकर मुकाट्यानं खाऊन घे!" हे ते फक्त वर्गात म्हणत असते तर एक वेळ चाललं असतं. पण बाजारात म्हणत, लग्नाच्या पंगतीत म्हणत, देवळातल्या पुजाऱ्यालासुद्धा म्हणत. अकोल्याच्या बाजारातली एक भाजीवाली शेवटी वैतागून म्हणाली होती, "मास्तर, वर्तुळ म्हणा नाईतं गोल म्हणा, वांगं किडकं निघालं तं वापस आणजा!" गुरुजी त्यावर इतके खूष झाले, की पुढे भाजी तिच्याकडूनच घेत.

नगरपालिकेच्या शाळेत चौथीला ते आम्हाला होते. नाव सांगत नाही. त्यांचं नाव घ्यायची माझी तेव्हा छाती नव्हती, आज म्हातारपणीही नाही. बुटकी मूर्ती, डोक्यावर काळी टोपी, कोटाच्या दोन्ही खिशांत खडू. आवाज मात्र असा की शेजारच्या तिसरीतली पोरं आमचे धडे पाठ करून वर यायची. वय तिशीच्या पुढे गेलेलं आणि लग्न नाही. का नाही, ते पुढे सांगते, कारण तीच खरी गोष्ट आहे.

त्या वर्षी भूमितीची ओळख नावाचं प्रकरण आम्हाला होतं. पुस्तकात पानं थोडी, आठवड्याभरात उरकावीत इतकीच. गुरुजींनी ती दिवाळीपर्यंत पुरवली. त्यांचं म्हणणं असं, की आकृती काढता कोणालाही येते, कोंबडीही मातीत पाय ओढून रेघा काढते. माणसाला तिचं नाव घेता आलं पाहिजे. म्हणून वर्गात "हे", "ते", "असं", "तसं" म्हणायला बंदी. बोट दाखवायला बंदी. शब्द सांगा. शब्द येत नसेल तर हातांनी करून दाखवा, कोणीतरी शब्द सांगेल.

त्यातून निघाली ती हातांची कवायत. गुरुजी फळ्यापुढे उभे राहून हात पसरायचे, की आम्ही ओरडायचं, "सरळकोन!" एक हात वर, एक हात बाजूला, "काटकोन!" वरचा हात जरा जवळ आणला, "लघुकोन!" जरा लांब नेला, "विशालकोन!" दोन्ही हात पुढे ताठ, "समांतर!" छातीपासून एक हात लांब करून टाचेवर गरकन फिरले, की "त्रिज्या!" एकदा असे फिरताना टोपी उडून खिडकीबाहेर गेली. तिच्यामागे एक पोट्टा धावला तर गुरुजी म्हणतात, "थांब! आधी सांग, टोपी कोणत्या रेषेत गेली?" कवायतीचा नियम असा, की ज्याला उत्तर येईल त्यानं उठून उभं राहायचं, अगदी लंब. उत्तर बरोबर आलं की गुरुजी म्हणत, "शाबास. बस खाली." बस्स, एवढंच. पण त्या तीन शब्दांसाठी आम्ही जीव टाकायचो.

मला ती शाबासकी वर्षभरात कधी मिळाली नाही. मला शब्द यायचे, सगळे यायचे, पण मी धीर धरायची नाही. गुरुजींचे हात अर्धे उठले की माझं तोंड सुटायचं, आणि सुटायचं ते बसल्या जागेवरून. "कोण ओरडलं? विषमभुज का?" विषमभुज मीच. ज्या त्रिकोणाची एकही बाजू दुसरीचं ऐकत नाही तो विषमभुज, असं त्यांनी समजावून दिलं होतं आणि उदाहरण म्हणून मला उभं केलं होतं. माझी पुण्याची सून आता म्हणते, "आई, असं नाव ठेवलेलं तुम्हाला लागलं नाही?" लागलं कशाचं! अख्ख्या शाळेत असं भारी नाव कोणाचं होतं?

आणि बिंदू. बिंदूला हाताची खूण सगळ्यांत लहान आणि गाणं सगळ्यांत मोठं. गुरुजी एक बोट टेबलावर टेकवायचे, आम्ही सगळ्यांनी आपापलं बोट बाकावर टेकवायचं आणि पावकीच्या पाढ्यासारखं एका सुरात म्हणायचं:

बिंदूले लांबी नाही,
बिंदूले रुंदी नाही,
बिंदूले जागा आहे,
जागा सोडली तं बिंदू नाही!

गुरुजी बाकी सगळं आमच्यासारखंच बोलत, पण संज्ञा आली की शुद्ध. त्यांच्या तोंडी आकृत्या म्हणजे सोयरेधायरे असत. "आयत बाप, समभुज चौकोन माय, अन् चौरस हा त्यायचा लेक. कोन बापावर गेले, भुजा मायवर गेल्या." मी घरी जाऊन आईला विचारलं, मी कोणावर गेले. आई म्हणाली, तोंड तुझं आत्यावर गेलं. ही आत्या लक्षात ठेवा.

एकदा समांतर रेषांचा धडा चालला होता. "समांतर रेषा किती बी वाढवा, एकमेकीले भेटत नाहीत. जसे रेल्वेचे रूळ." मागच्या बाकावरचा एक पोट्टा उठून लंब उभा राहिला. त्याचा बाप रेल्वेत खलाशी होता. तो म्हणाला, "भेटतात ना गुरुजी. बडनेऱ्याले भेटतात. म्या पाह्यलं." वर्गात हशा पिकला. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी खडू खिशात ठेवला आणि म्हणाले, "मी पाह्यलं नाही. पाहून येतो मंग सांगतो." आणि खरंच रविवारी पॅसेंजरनं बडनेऱ्याला गेले. सोमवारी आले ते कोटाला ग्रीसचे डाग घेऊनच. झालं असं, की जंक्शनवर रूळ कुठे वळतात ते बघायला हे गृहस्थ सरळ रुळाशेजारी ओणवे झाले आणि एक डोळा मिटून दुसरा रुळाला लावून बसले. रेल्वेच्या शिपायानं बखोट धरून स्टेशन मास्तरपुढे उभं केलं. "काय करून राहिले होते?" "समांतर आहेत का ते पाहून राहिलो होतो." स्टेशन मास्तरनं म्हणे आधी पाणी पाजलं, मग चहा पाजला आणि मग अकोल्याच्या गाडीत बसवून दिलं. वर्गात आल्याबरोबर गुरुजींनी त्या पोट्ट्याला उभं केलं. "रूळ वळला, त्या जागेपासून तो समांतर राह्यला नाही. म्हणून भेटला. पुस्तक बरोबर आहे. पण तुही शंका पुस्तकापेक्षा चांगली होती. शाबास. बस खाली." मी जळून खाक झाले.

आता लग्नाचं. गुरुजींना मुली सांगून येत नव्हत्या असं नाही. पक्की नोकरी, व्यसन नाही, मागे लटांबर नाही. पण मुलगी पाहायला गेले की घोटाळा करून परत यायचे. मूर्तिजापूरला मुलीनं पोह्यांची बशी पुढे केली, तर विचारलं, "या बशीचा व्यास दाखवा बरं." मुलीच्या बापानं टोपी हातात दिली. "पोरगी पाह्यले आले का तपासणीले?" खामगावला दारातल्या रांगोळीपाशीच थांबले. मधला चौकोन चौरस नव्हता म्हणे. ह्यांनी खाली बसून तो तळहातानं पुसला आणि नीट काढून दिला. मुलगी रडत आत गेली ती बाहेर आलीच नाही. कारंज्याला तर मोठ्या कष्टानं तोंड मिटून बसले, सगळं सुरळीत पार पडलं, आणि निघताना मुलीच्या काकानं विचारलं, "मंग, कशी वाटली पोरगी?" हे म्हणाले, "छान आहे. अगदी लंब." काकाला वाटलं, पोरीला बांबू म्हटलं. झालं.

आणि इकडे आमची आत्या. बाबांची धाकटी बहीण, अमरावतीला अंबागेटजवळ भाड्याच्या घरात आजीपाशी राहायची. उंच, हसली की शेजारच्या आळीत ऐकू जाणारी, आणि पोटातलं ओठावर. तिचं वय त्या काळच्या हिशेबानं निघून चाललं होतं. त्यात ती मॅट्रिक नापास. आजी सगळीकडे "शिकेल आहे पोरगी" एवढंच सांगायची, किती ते सांगायची नाही. आजीचे भाऊ, आमचे मामाआजोबा, यांनी परतवाड्याचा एक लाकडाचा व्यापारी आणला होता. बिजवर. वय आत्याच्या दुप्पट नसलं तरी फार कमीही नव्हतं, पहिलीची खांद्याएवढी मुलं, आणि आत्याला न बघताच होकार. मामाआजोबांचा धोशा एकच: "अजून एक जागा पाहा, नाई जमलं तं परतवाडा पक्का." आजी रडायची, पण नाही म्हणायची नाही. आत्यानं बाबांना निरोप पाठवला होता, "दादा, मले लाकडाच्या वखारीत देऊ नको रे." बाबांनी तो आईला सांगितला तेव्हा मी ऐकला. आत्या रडते हे मला माहीतच नव्हतं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

बाबा वकील. त्यांच्या डोक्यात गुरुजी आले ते माझ्यामुळेच, कारण घरात मी त्या वर्षी पोळपाटापासून पलंगाच्या पायापर्यंत सगळ्याला नावं ठेवत सुटले होते. पत्रिका जुळली. पण मूर्तिजापूर, खामगाव, कारंजा सगळं बाबांच्या कानावर होतं. त्यांनी गुरुजींना घरी बोलावलं आणि साक्षीदाराला घालावी तशी शपथ घातली.

"गुरुजी, अमरावतीले भूमितीचा एक शब्द तोंडातून काढायचा नाही. त्रिकोण नाही, चौकोन नाही. कोनाचा क सुद्धा नाही."

"अन् कोनाडा?"

"कोनाडाही नाही! गणपतीवर हात ठेवा."

गुरुजींनी ठेवला. चेहरा असा झाला, की मला वाटलं आता हे जेवणसुद्धा सोडतात की काय.

बाबांनी मला बरोबर घेतलं. अकोल्याहून पॅसेंजर, बडनेऱ्याला गाडी बदलायची, मग अमरावती. गुरुजी इस्त्रीचा कोट घालून खिडकीपाशी बसले होते आणि दोन्ही हात खिशात कोंबलेले. बाहेर काढले तर आपोआप काहीतरी करतील ही भीती. बडनेऱ्याच्या फलाटावर तोच स्टेशन मास्तर भेटला. "काय मास्तर, आज पुन्हा रूळ?" गुरुजींनी बाबांकडे बघितलं आणि नुसती मान हलवली. बिचाऱ्यांना रूळ म्हणायचीही चोरी.

आजीच्या घरी सतरंजी अंथरली होती. एका बाजूला मामाआजोबा तक्क्याला टेकून, एका बाजूला बाबा, समोर गुरुजी. मी मधल्या दारात पोह्यांची बशी घेऊन. आत्यानं सगळ्यांना पोहे दिले आणि आजीजवळ पाटावर खाली मान घालून बसली. खाली मान घातलेली आत्या मी जन्मात पहिल्यांदा बघितली. मला ते बिलकुल आवडलं नाही.

मामाआजोबांनी सुरुवात केली. "काय शिकवता?"

गुरुजींनी घाम पुसला. "शाळेत."

"शाळेतच शिकवत असाल, वावरात कोण शिकवते? विषय कोणता?"

"सगळेच."

"आवडीचा?"

गुरुजींनी बाबांकडे बघितलं. बाबांनी चहात डोळे घातले. गुरुजी गप्प. मला कळेना, ज्या माणसाचा आवाज तिसरीच्या पोरांना पास करतो तो माणूस आज असा का बसलाय. मग लक्षात आलं. त्यांच्यापाशी दुसरे शब्दच नव्हते. तेवढे काढून घेतल्यावर हातात राहिलं काय?

"पोरीले काही विचारायचं असन तं विचारा," मामाआजोबा म्हणाले.

गुरुजींनी मान हलवली. नाही.

मामाआजोबा आजीकडे वाकले, पण कुजबुजणं त्यांना कधीच जमलं नाही. "मुका आहे का हा? जाऊ दे बाई. मी परतवाड्याले उद्याच कळवून टाकतो."

आजीनं डोळ्याला पदर लावला. आणि आत्यानं मान वर केली. मान वर केली म्हणजे संपलंच, हे मी ओळखलं.

"यायले काही विचारायचं नाही तं मीच सांगते," आत्या म्हणाली. "मंग लपवलं म्हणान. मी मॅट्रिक नापास आहे. बाकी सगळ्यात पास, एका विषयात नापास. भूमितीत."

"अव माय!" आजीनं कपाळावर हात मारून घेतला.

गुरुजींची मान अशी झटकन वर आली, की टोपी कानावर घसरली. त्या दिवसातलं पहिलं धड वाक्य ते बोलले.

"कुठं अडलं?"

"पहिल्याच पानावर."

"काहून?"

"लिव्हलं होतं, ज्याले लांबी नाही, रुंदी नाही, तो बिंदू. मी बाईले विचारलं, लांबी नाही, रुंदी नाही, तं मंग त्याच्यात आहे काय? अन् काही नाही तं त्याचं नाव काहून ठेवलं? बाईनं मले वर्गाबाहेर काढलं. आता पुढचं सारं त्या बिंदूवर उभं. बिंदूच पटला नाही तं मी पुढं जाऊ कशी? खोटं खोटं पाठ करून लिव्हणं मले नाही जमत."

गुरुजींचा चेहरा! मी तसा चेहरा एकदाच बघितला होता, त्या खलाशाच्या पोट्ट्यानं बडनेऱ्याची शंका काढली तेव्हा. ते अर्धे उठले, पुन्हा बसले. बाबांकडे बघितलं ते थेट पाया पडल्यासारखं. पण बाबा पडले वकील. त्यांनी मान डावी-उजवी केली. शपथ म्हणजे शपथ.

तेव्हा गुरुजींनी खिशातून हात बाहेर काढले. एक बोट आपल्या बाजूच्या सतरंजीवर टेकवलं, आणि आत्याकडे बघितलं.

माझ्या तोंडात पोहे होते. पण कवायत ती कवायत. पाय आपोआप ताठ झाले, बशी पडली ती पडली, आणि मी दारातून खणखणीत ओरडले, "बिंदू!"

सगळ्यांनी वळून बघितलं. गुरुजींचं बोट तिथंच. म्हणजे पुढचं म्हणायचं. मी सुरात सुरू केलं:

"बिंदूले लांबी नाही, बिंदूले रुंदी नाही, बिंदूले जागा आहे, जागा सोडली तं बिंदू नाही!"

आत्यानं माझ्याकडे बघितलं, मग त्या बोटाकडे. "जागा?"

गुरुजींनी मान डोलावली.

"म्हणजे नुसती जागा? बाकी काहीच नाही?"

पुन्हा मान.

"असं होय!" आत्या मांडीवर थाप मारून हसली, तिचं ते नेहमीचं, आळीभर ऐकू जाणारं. "हे त्या बाईनं तवाच सांगितलं असतं तं मी पास नसती झाली का माय?" आणि उठली ती तरातरा चालत आली. "इथंच ना?" असं विचारलं, गुरुजींनी कसंबसं बोट काढून घेतलं, आणि आत्या त्या जागेवर फतकल मारून बसली.

मुलगी पाहायच्या कार्यक्रमात मुलगी मुलाच्या शेजारी! अमरावतीत तोवर असं झालं नव्हतं, आणि नंतरही फारसं झालं नसेल. मामाआजोबांच्या हातातला चहा धोतरावर सांडला. "हे काय? पोरगी अशी बसते का? उठव तिले, बाई!"

आजीनं पदरानं डोळे पुसले. एकदा आत्याकडे बघितलं, एकदा गुरुजींकडे. बसल्यावर दोघांची उंची सारखीच दिसत होती, हे आजीच्याच ध्यानात आलं. "तूच उठवून पाह्य," ती भावाला म्हणाली. "मी तिची माय आहे, माह्याच्यानं नाही उठत ते. परतवाड्याले नाही म्हणून कळव." आणि मला म्हणाली, "नुसती पाहून काय राहिली पोट्टे? पोहे झाड अन् साखरेचा डबा आण!"

बाबा हसून म्हणाले, "गुरुजी, शपथ सुटली." मग जे गुरुजी सुटले! आत्या विचारतेय, हे सांगताहेत, सतरंजीवर बोटानं रेघा ओढताहेत, आत्या म्हणतेय हे पटलं, हे नाही पटलं. आमची परतीची गाडी गेली. माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मी उभी राहून, लंब उभी राहून, सगळं बरोबर म्हटलं होतं, आणि गुरुजी मला शाबास म्हणायचं साफ विसरले. मला त्याचा इतका राग आला, की साखर वाटायची ती अर्धी मीच खाल्ली.

लग्नात आत्यानं उखाणा घेतला नाही. बायका मागे लागल्या, "नाव घे, नाव घे." ती म्हणाली, "महादेवाच्या पिंडीले बेल वाहते, अन् काय काय, ते मले पटत नाही. पटन तवा घेईन." न पटलेलं ती बोलणार नाही हे आतापर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं होतं, त्यामुळे तो उखाणा तसाच राहिला. पुढच्या वर्षी ती मॅट्रिकला बसली. भूमितीत पास झाली आणि इतिहासात नापास. तिथंही कोणत्या तरी राजाचं वागणं तिला पटलं नव्हतं. गुरुजींनी भूमितीपुरते पेढे वाटले.

पुढे गुरुजींची बदली अमरावतीला झाली, आणि कॉलेजला मी त्यांच्याकडेच राहिले. नात्यानं ते माझे आतोबा, पण तोंडातून गुरुजीच निघायचं. त्यांचा संसार म्हणजे रोजची वादावादी आणि रोजचं हसणं. आत्या पातोडी करायची. बेसनाच्या त्या वड्या ताटात थापून ती मुद्दाम वेड्यावाकड्या कापायची, आणि गुरुजी पाटावरून विचारायचे, "ही कोणती आकृती म्हणायची?" "भूक लागली असन तं पातोडी म्हणा, नसन लागली तं विचार करत बसा." एका पंगतीत ह्यांनी वाढप्याला सांगितलं होतं, "दोन समभुज चौकोन वाढा." तो बिचारा म्हणाला, "ते आमी नाही बनवलं साहेब, पातोडीचा रस्सा आहे." हा किस्सा आत्या येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, आणि प्रत्येक वेळी गुरुजी पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसायचे. आणखी एक होतं. कुठे कीर्तनाला गेले, नाटकाला गेले, एस. टी.त चढले, की गुरुजी आधी बसायचे आणि शेजारच्या जागेवर एक बोट टेकवून ठेवायचे. रुमाल नाही, पिशवी नाही, एक बोट. आत्या येईपर्यंत ते बोट कोणाच्या बापाला हलायचं नाही.

माझं लग्न अकोल्यात झालं, तेव्हा साठचं दशक सरत आलं होतं. पंगत बसली. मांडवात आम्ही नवरा-नवरी मधोमध, माझ्या बाजूला सासूबाई, शेजारी सगळं सासरचं माणूस. घास भरवायचा म्हणून मला उखाणा घ्यायला लावला. मी कसाबसा घेतला. समोरच्या ओळीत गुरुजी बसले होते, आणि शेजारच्या रिकाम्या पाटावर बोट. माझ्या सासरचे एक जाडजूड काका तिथं बसायला आले. "सरका मास्तर." गुरुजी म्हणाले, "इथं माणूस आहे." "कुठं आहे? मले तं दिसत नाही." "येईल." काका कुरकुरत पुढे गेले.

आत्या तेव्हा पातोडीचं भांडं घेऊन वाढत होती. बायकांनी तिला गाठलं. "नवरीनं नाव घेतलं, आता आत्याबाई, तुमी घ्या! सोताच्या लग्नात फुकट सुटल्या होत्या." आत्या नाही म्हणणार असं मला वाटलं. तिनं भांडं खाली ठेवलं. समोर गुरुजींकडे बघितलं, पाटावरच्या त्या बोटाकडे बघितलं, आणि मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

"बिंदूले लांबी नाही, बिंदूले रुंदी नाही,
...रावांच्या बाजूची जागा मी कोणाले देत नाही!"

नाव तिनं घेतलं. मी इथं गाळते, सांगितलं ना, छाती नाही.

मांडव असा हसला की बँडवाले दचकले. गुरुजी लाजले. साठ पोरांचा वर्ग एका हातावर फिरवणारा माणूस, टोपी काढून तिच्यात बघत बसला. पण बोट पाटावरून हललं नाही. आत्या कमरेला पदर खोचून पंगत ओलांडत निघाली होती आणि बोट तिथंच होतं. आता तुम्हीच सांगा, मी काय करणार? माझे पाय आपोआप ताठ झाले. अंगावर शालू, कपाळावर मुंडावळ्या, एका हातात जिलबीचा तुकडा, आणि सगळ्या सासरच्या माणसांत मी उभी राहून ओरडले:

"बिंदू!"

सासूबाईंच्या हातातलं पाणी सांडलं. नवरा माझ्याकडे बघतच राहिला. आत्या जाऊन आपल्या जागेवर बसली. गुरुजींनी टोपी डोक्यावर घातली, वर बघितलं, आणि एवढ्या वर्षांनी, त्या भरल्या मांडवात, वर्गातल्या आवाजात म्हणाले:

"शाबास, विषमभुज. बस खाली."

मी बसले.